टेबलावर चालतो, वाटेवर विझतो: घरी बनवलेल्या सायकल-दिव्यातला दोष कसा शोधायचा

पाऊस ओसरला, वाटा सुकल्या की इंदूरच्या आसपास रात्रीच्या राइड सुरू होतात आणि पाठोपाठ ही तक्रारही. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. "घरी दोन तास लावून ठेवला, काही झालं नाही. सिमरोलच्या पुढे कच्च्या वाटेला लागलो आणि थोड्याच वेळात दिवा गेला. घरी आणला तर पुन्हा छान चालू!" मग जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर, नवा ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट), आणि पुढच्या रविवारी परत तेच. काही जण तर वैतागून एलईडीसुद्धा बदलतात.

ड्रायव्हरवर पैसे घालण्याआधी थोडं थांबा. दिवा गेला कसा हे सगळे रंगवून सांगतात. परत कसा आला, हे मात्र विचारावं लागतं, आणि दोषाचा पत्ता बहुतेक वेळा त्याच उत्तरात असतो.

आधी कोणत्या दिव्याबद्दल बोलतोय ते ठरवून घेऊ. आपल्याकडे बहुतेकांचा नमुना साधारण असा असतो: क्री कंपनीचा एक्सएम-एल २ किंवा त्याच जातीचा दहा वॅटचा एलईडी, २० मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम स्टारवर, म्हणजे छोट्या चकतीवर, बसवलेला. खिडक्या करणाऱ्याकडून आणलेल्या अॅल्युमिनियम सेक्शनच्या तुकड्याची बॉडी, पुढे प्रकाश एकवटणारी प्लास्टिकची टीआयआर लेन्स. फ्रेमला पिशवीत बांधलेले १८६५० आकाराचे चार लिथियम सेल, दोन-दोन समांतर आणि त्या जोड्या सिरीजमध्ये. असा पॅक पूर्ण भरला की ८.४ व्होल्ट दाखवतो, सरासरी ७.४ वर चालतो आणि ६ च्या आसपास रिकामा होतो. मधे बक ड्रायव्हर, जो व्होल्टेज उतरवून एलईडीला ठरलेला करंट देतो. एलईडीला २ अँपिअर दिले तर त्याच्यावर तीन व्होल्टच्या थोडं वर पडतात, म्हणजे सहा-सव्वासहा वॅट. ड्रायव्हरचा तोटा धरून बॅटरीतून साधारण १ अँपिअर जातो. हा १ अँपिअर लक्षात ठेवा, पुढची सगळी मोजमापं त्याच्यावरच आहेत. सेल खरोखर २५०० मिलिअँपिअर-अवरचे असतील तर हा पॅक पूर्ण प्रकाशावर पाचेक तास चालायला हवा. दोन तासांत संपत असेल तर तो वेगळा आजार, त्याकडे पुढे येतो.

आता परत येण्याच्या तऱ्हा. धक्का बसला की लुकलुकतो आणि लगेच येतो: कुठेतरी संपर्क तुटतोय. दुसरी तऱ्हा, गेला तो गेलाच, पण बॅटरीचा प्लग काढून परत लावला किंवा घरी चार्जरला जोडला की जिवंत होतो: पॅकमधल्या प्रोटेक्शन बोर्डाने, म्हणजे सेलचं रक्षण करणाऱ्या छोट्या सर्किटने, वीज तोडलेली असते. तिसरी, सपाट डांबरी रस्त्यावरही एका लयीत उघडझाप, तीसुद्धा राइड संपत आल्यावर, आणि प्रकाश कमी केला की थांबते: ड्रायव्हरला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. चौथी, चढावर हळूहळू मंद आणि उतारावर वारा लागला की पुन्हा प्रखर: उष्णता. आणि हँडल एकाच बाजूला वळवल्यावर जात असेल तर शोधत बसूच नका, हँडलखालच्या नळीजवळ (हेड ट्यूब) वायर ताणली जाते आहे.

पहिल्या तऱ्हेचा एक फसवा अवतार आहे. दिवा विझत नाही, मोड बदलतो. दगडधोंड्यांच्या उतारावर ऐन वेगात असताना फुल प्रकाशावरून एकदम स्ट्रोब, म्हणजे भराभर उघडझाप, सुरू होतो आणि समोरची वाट तुकड्यातुकड्यांत दिसायला लागते. लोक म्हणतात, ड्रायव्हर खराब निघाला, आपोआप मोड बदलतो. तो बिचारा त्याचं काम नेमकं करत असतो. टॉर्चसाठी बनलेले हे ड्रायव्हर वीज क्षणभर तुटली की त्याला पुढच्या मोडचा हुकूम समजतात, कारण टॉर्चमध्ये बटण अर्धवट दाबून तेच करायचं असतं. इथे बटणाचं काम दगड करतोय. तेव्हा मोड आपोआप बदलणं आणि धक्क्याने लुकलुकणं हा एकच दोष धरायचा.

माझ्या पाहण्यात ही पहिली तऱ्हा बाकी सगळ्या मिळून होतात त्यापेक्षाही जास्त, म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो.

संपर्क कुठे तुटतो

सुरुवात सेलच्या होल्डरपासून करा. काळ्या प्लास्टिकचा, एका टोकाला स्प्रिंग असलेला होल्डर टेबलावरच्या प्रयोगाला ठीक आहे. १८६५० सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. वाटेवरच्या खड्ड्यात सायकलला गुरुत्वाकर्षणाच्या दहापट झटका बसला तर तोच सेल स्प्रिंगवर साडेचारशे ग्रॅमचा भार टाकतो. स्वस्त होल्डरची स्प्रिंग एवढ्याने दबते, दुसऱ्या टोकाचा संपर्क सुटतो, आणि काही मिलिसेकंदांत सगळं जागेवर येतं. टेबलावर हे कधीच दिसणार नाही.

होल्डर आज बदलता येत नसेल तर निदान त्याची दिशा बदला. धक्के वरून खाली येतात. सेल उभे असतील, म्हणजे पिशवी सीटखालच्या उभ्या नळीला (सीट ट्यूब) किंवा हेड ट्यूबला लावलेली असेल, तर प्रत्येक खड्डा थेट स्प्रिंग दाबतो. तीच पिशवी फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीखाली (टॉप ट्यूब) आडवी बांधली की झटका सेलच्या कुशीवर येतो आणि स्प्रिंगवर भार जवळजवळ येत नाही. नुसत्या एवढ्या बदलाने दिवे सुधारलेले पाहिले आहेत. तरी कायमचा उपाय एकच: निकेलची पट्टी स्पॉट-वेल्ड करून घेतलेला पॅक. ई-रिक्षा आणि ई-बाइकच्या बॅटऱ्या बांधणारे कारागीर हे काम करून देतात. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका. सोल्डरिंग आयर्नची उष्णता आतलं सील आणि सेपरेटर खराब करते, आणि लिथियम सेलच्या बाबतीत ती जोखीम घेण्यासारखी नाही. पट्टी शुद्ध निकेलची आहे की निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची, हे बघायला एक तुकडा खरवडून मिठाच्या पाण्यात ठेवा. दोन दिवसांत गंज चढला तर पोलाद. आपल्या १ अँपिअरला पोलादही चालून जाईल, पण पावसाळी दमटपणात ते गंजतं.

दुसरी जागा म्हणजे डीसी जॅक. तो गोल, साडेपाच मिलिमीटरचा, ज्याने घरातली निम्मी उपकरणं चालतात. याचे दोन प्रकार सर्रास मिळतात: मधली पिन २.१ मिलिमीटरची आणि २.५ मिलिमीटरची. बाहेरचा व्यास एकच, त्यामुळे २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटमध्ये छान बसल्यासारखा वाटतो. बाहेरून घट्ट, आत मात्र पिनच्या भोवती मोकळी जागा, आणि संपर्क फक्त एका बाजूने टेकलेला. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांच्या दिव्याचं सॉकेट घड्याळवाल्याच्या भिंगाखाली धरलं तेव्हा पिनच्या एकाच कडेला खसखशीएवढा काळा खड्डा दिसला. प्रत्येक झटक्याला तिथे बारीक ठिणगी पडत होती आणि धातू जळत होता. असा जॅक पॉलिश पेपरने घासून काही दिवस चालतो, नंतर पुन्हा तेच. काढून टाका. बॅटरी आणि दिव्याच्या मधे एक्सटी-३० किंवा आटे असलेला जीएक्स-१२ कनेक्टर लावा. जीएक्स-१२ ला फिरवून आवळायची चुडी असते, ती धक्क्याने सुटत नाही. एक्सटी-३० हलका आणि स्वस्त, पण त्याला पाण्यापासून वाचवावं लागतं. कोणताही लावा, बॅटरीच्या बाजूला मादी भाग घ्या, म्हणजे उघडी पिन कुठे टेकून शॉर्ट होणार नाही.

तिसरी जागा डोळ्यांना दिसतच नाही. तांब्याच्या बारीक तारांच्या वायरला सोल्डर लावलं की ते केशाकर्षणाने इन्सुलेशनच्या आत चढतं. जिथवर सोल्डर गेलं तिथवर वायर कडक, त्याच्या पुढे लवचीक. सगळा हेलकावा त्या एका रेषेवर येतो आणि तारा एकेक करून तुटतात. बाहेरचं रबर शाबूत, आत तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली. ती जागा शोधायला वायर जोडापासून बोटभर अंतरावर चिमटीत धरून हळूच वाकवत जा. चांगली वायर गोलाईत वाकते. तुटलेली तिथे भिजलेल्या वातीसारखी लुळी पडते. सिलिकॉन इन्सुलेशनची २० गेजची वायर वापरा, जोडावर हीट-श्रिंक चढवा, आणि जोडाच्या एक-दोन सेंटिमीटर पुढे वायर बॉडीला केबल टायने बांधा. बांधणं महत्त्वाचं. हीट-श्रिंक नुसतं ताणाची रेषा पुढे सरकवतं.

ड्रायव्हर मॉड्यूलवरही एक नजर टाका. त्यावरची गोल किंवा चौकोनी कॉइल हा सगळ्यात जड भाग, आणि तो दोन टिकल्यांएवढ्या सोल्डरवर उभा असतो. बोटाने हलते का बघा. हलत असेल तर नव्याने सोल्डर करून भोवती सिलिकॉन लावा, पण लावण्याआधी ट्यूबचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते सिलिकॉन सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं आणि तांबं खातं. ते न्हाणीघरातल्या फटींसाठी ठीक. इलेक्ट्रॉनिक्सला न्यूट्रल क्युअर, म्हणजे आम्ल न सोडणारं, लागतं. एक्सएल ४०१५ सारख्या मॉड्यूलवर निळ्या रंगाचे फिरवायचे पोटेन्शिओमीटर असतात, तेही थरथरीने हळूहळू सरकतात आणि महिन्याभरात करंट भलतीकडेच गेलेला असतो. सेटिंग झालं की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका.

मीटर कसा लावायचा

बहुतेक जण मल्टिमीटर बीपवर टाकतात, दोन टोकांना प्रोब लावतात, बीप वाजला की "वायर ठीक आहे" म्हणून मोकळे होतात. ही चाचणी इथे निरुपयोगी आहे. बीप काही दहा ओहमपर्यंतसुद्धा वाजत राहतो. आपल्या दिव्याला अर्ध्या ओहमचा खराब जोडही अर्धा व्होल्ट खातो, आणि बीपला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्याऐवजी दिवा पूर्ण प्रकाशावर चालू ठेवून व्होल्टेजची घट मोजा. मीटर डीसी २ व्होल्टच्या रेंजवर. एक प्रोब सेलच्या प्लसवरच्या निकेल पट्टीला, दुसरा ड्रायव्हरच्या प्लस इनपुटला. दोन्ही टोकं प्लसचीच, म्हणून आदर्श आकडा शून्य. प्रत्यक्षात जो येईल तो वायर, स्विच आणि कनेक्टर मिळून खाल्लेला व्होल्ट. २० गेज वायरचा रोध मीटरला ३३ मिलिओहमच्या आसपास असतो, म्हणजे हातभर वायर, एक बरा स्विच आणि एक बरा कनेक्टर धरून १ अँपिअरला ५० मिलिव्होल्टच्या आतबाहेर आकडा यायला हवा. दीडशेच्या वर गेला तर त्या रस्त्यात काहीतरी आहे. मग एक प्रोब जागेवर ठेवून दुसरा अलीकडे आणा: स्विचच्या पुढे, स्विचच्या मागे, कनेक्टरच्या मागे. आकडा जिथे एकदम पडतो, तिथेच दोष. हेच मायनसच्या बाजूला करा. तिथे प्रोटेक्शन बोर्डाचे मॉस्फेट (वीज तोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) मधे येत असल्याने पाच-पन्नास मिलिव्होल्ट जास्त दिसले तर चालतं.

हे करताना दुसऱ्या हाताने, किंवा घरात कुणी मोकळं असेल तर त्यांच्या हाताने, बॉलपेनच्या टोकाने प्रत्येक जोड हळूच हलवायचा. आकडा नाचला की पेन तिथेच थांबवा. मात्र स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो, त्यामुळे मिलिसेकंदांचे खंड त्यात पकडले जात नाहीत. त्यासाठी माझा आवडता उपाय रुपया-दोन रुपयांचा आहे: तीन मिलिमीटरचा साधा लाल एलईडी आणि सिरीजमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर, ड्रायव्हरच्या इनपुटवर सोल्डर करा. एका सेलचा दिवा असेल तर ४७० ओहम. लाल एलईडी दिव्याच्या मागच्या बाजूला, चालवताना डोळ्यांना दिसेल असा ठेवा, चमकत असेल तर वर पेन्सिलची काळी घासा. आता वाटेवर मुख्य दिवा लुकलुकला आणि लालही सोबत गेला तर दोष बॅटरीपासून ड्रायव्हरपर्यंतच्या भागात. मुख्य गेला आणि लाल स्थिर राहिला तर ड्रायव्हर, किंवा त्याच्या पुढची एलईडीची वायर. ड्रायव्हर बदलायचा विचार या दुसऱ्या निकालानंतरच करा, आणि तेव्हाही आधी स्टारवरचे दोन जोड पाहून घ्या.

इनपुटवर मोठा कपॅसिटर टाकून हा त्रास दडपायचा सल्ला काही मंडळी देतात. हिशेब करून बघा. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ अँपिअर देताना दर मिलिसेकंदाला १ व्होल्ट खाली येतो. म्हणजे दोनेक मिलिसेकंदांची सोय. सैल जॅक त्यापेक्षा जास्त वेळ सुटा राहतो. शिवाय प्लग लावताना त्या कपॅसिटरचा झटका प्रोटेक्शन बोर्डाला शॉर्ट सर्किट वाटू शकतो, आणि एक दोष झाकायला गेलात तर दुसरा तयार.

दुरुस्ती झाल्यावर वाटेवर जाण्याआधी घरीच परीक्षा घ्या. दिवा लावा, सायकलचं पुढचं चाक वीतभर उचलून जमिनीवर सोडा, पुन्हा पुन्हा, हँडल सरळ असताना आणि दोन्हीकडे पूर्ण वळवून. मग बॅटरीच्या पिशवीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा.

गेला तो गेलाच

ही दुसरी तऱ्हा सेलशी निगडित असते. प्रोटेक्शन बोर्ड सिरीजमधल्या प्रत्येक जोडीवर वेगळी नजर ठेवतो. एका जोडीचे व्होल्ट ठरलेल्या मर्यादेखाली, म्हणजे बोर्डाप्रमाणे अडीचच्या आसपास गेले, की तो सगळा पॅक बंद करतो, दुसरी जोडी भरलेली असली तरी. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल निवड न करता जोडले की हमखास हे होतं. एक अशक्त सेल आणि बाकी धडधाकट. एकूण व्होल्ट साडेसहा दिसतात, म्हणून "अजून चार्ज आहे, बोर्डच खराब" असा निष्कर्ष निघतो. मधल्या जोडावर प्रोब लावून दोन्ही जोड्या वेगळ्या मोजा, दिवा चालू असताना. दोघींत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कमी भरलेली जोडी गुन्हेगार.

एका सेलवर चालणाऱ्या हेल्मेट दिव्यात कारण वेगळं निघतं. त्यात बहुतेकदा करंट ठरवणाऱ्या ७१३५ नावाच्या आठ चिप असतात, प्रत्येकी ३५० मिलिअँपिअर, म्हणजे २.८ अँपिअर. डीडब्ल्यू ०१ चिप आणि एकच ८२०५ मॉस्फेट असलेली साधी प्रोटेक्शन पट्टी साधारण ३ अँपिअरला तोडते. मॉस्फेट तापला की त्याचा रोध वाढतो आणि ही मर्यादा आणखी खाली येते. थंड असताना टेबलावर चालतो, तापल्यावर जातो, याचं कोडं इथे सुटतं. दोन मॉस्फेट असलेली पट्टी घ्या किंवा दोन चिप काढून करंट २.१ अँपिअरवर आणा. प्रकाशातला फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही, सेल मात्र खूश राहतो. बोर्ड वगळून थेट जोडणी करू नका. अंधारात घळीच्या कडेला दिवा जाणं वाईटच, पण पाठीवरच्या पिशवीत सेल पेटणं त्याहून वाईट.

सेलवर ९९०० मिलिअँपिअर-अवर छापलेलं असेल तर तो आकडा खोटा आहे. या आकारात सहसा मिळणारा चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास पोचतो. किराणावाल्याच्या डिजिटल काट्यावर ठेवा: ४० ग्रॅमच्याही खाली भरला तर परत करा.

एका लयीत उघडझाप

जास्त प्रकाशाच्या मोहात दोन एलईडी सिरीजमध्ये लावून बॅटरी मात्र दोनच सेलची ठेवली, की हे होणारच. दोन एलईडींना मिळून सव्वासहा व्होल्ट लागतात. बक ड्रायव्हरला स्वतःसाठी वर अर्धा-पाऊण व्होल्ट हवा असतो. पॅक ७ व्होल्टवर आला की ड्रायव्हरचा श्वास कोंडतो, आणि तेव्हा सेलमध्ये अजून बराच चार्ज असतो. उघडझाप मात्र त्याच्या खालच्या टप्प्यावर होते. उदाहरणार्थ पीटी ४११५ या ड्रायव्हर चिपला किमान ६ व्होल्ट इनपुट लागतं. भाराखाली व्होल्ट त्याच्या खाली जातात, तो बंद होतो. भार गेला की बॅटरीचे व्होल्ट वर येतात, तो पुन्हा सुरू होतो. जानेवारीच्या थंडीत, पारा आठ-दहावर असताना, सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि हे आणखी लवकर दिसतं. उपाय सोपा: दोन एलईडी हवे असतील तर तीन सेल सिरीजमध्ये घ्या, नाहीतर एकच एलईडी ठेवा. पीटी ४११५ ची कमाल १.२ अँपिअर आहे हेही विसरू नका. त्याचा करंट सेन्स रेझिस्टरवर (करंट मोजणाऱ्या रेझिस्टरवर) ठरतो, ०.१ व्होल्ट भागिले ओहम. ०.१ ओहमला १ अँपिअर. त्यावर आणखी रेझिस्टर समांतर चिकटवून दोन अँपिअर काढायचा हट्ट करणाऱ्यांच्या चिप जळतात.

उष्णता आणि पाणी

उष्णतेबद्दल एकच उलटी गोष्ट सांगतो. बॉडी हात लावता येणार नाही इतकी तापते, म्हणून लोक घाबरतात. ते चांगलं लक्षण आहे: एलईडीची उष्णता बॉडीपर्यंत पोचते आहे, फक्त पृष्ठभाग कमी पडतो. बॉडीवरच्या उष्णता सोडणाऱ्या पट्ट्या वाढवा किंवा करंट कमी करा. खरी भीती थंड बॉडीची. दिवा दहा मिनिटं चालून मंद झाला, प्रकाश निळसर पडला आणि बॉडी मात्र कोमट, तर स्टार आणि बॉडी यांच्यात फट आहे. बसायची जागा काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करा, थर्मल पेस्ट अगदी पातळ लावा आणि स्टार स्क्रूने आवळा. नुसत्या थर्मल गोंदावर विसंबू नका, थरथरीने तो सुटतो. चढावर ताशी सहा-सात किलोमीटरने वारा लागत नाही, तेव्हा घरची चाचणी पंखा बंद ठेवूनच घ्या.

पाण्याचं थोडक्यात. दिवा पूर्ण हवाबंद करण्यापेक्षा खालच्या बाजूला एक बारीक भोक बरं. गरम दिवा चोरलच्या थंड दरीत उतरला की आतल्या दमट हवेचं दव लेन्सवर जमतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. माळव्याची काळी माती त्या भोकात अडकते, ती टाचणीने काढा. सायकल प्रेशर पंपाने धुणार असाल तर आधी दिवा उतरवून ठेवा.

दोष सापडला, दुरुस्ती झाली, तरी पहिल्या राइडला दोन स्वतंत्र दिवे न्या, एक हँडलवर आणि एक हेल्मेटवर, दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या. एकाच पॅकमधून दोन दिवे चालवले तर जॅक सैल झाल्यावर दोन्ही एकदम जातात. पहिली फेरी ओळखीच्या, गावाजवळच्या गाडीवाटेवर ठेवा. रालामंडळ अभयारण्य आहे, तिथे रात्री जाण्याचा प्रश्नच नाही. महू आणि चोरलच्या जंगलपट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, आणि महूच्या आसपास लष्कराची हद्दही लागते, तेव्हा वनविभागाला आणि गावकऱ्यांना विचारल्याशिवाय नव्या वाटेला लागू नका. परतताना खंडवा रोडला लागलात की हँडलचा दिवा खाली झुकवून मंद करा. दहा वॅटची लेन्स समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत गेली तर तो तुम्हाला पाहणारच नाही. तसा आमच्यातल्या निम्म्या मंडळींचा जीव तोवर इंदूरच्या सराफा खाऊबाजारातल्या भुट्ट्याच्या किसात अडकलेला असतो, त्यामुळे ही गोष्ट दरवेळी ओरडून सांगावी लागते.

काढून टाकलेले अशक्त सेल ड्रॉवरमध्ये सुट्या स्क्रूंबरोबर टाकू नका. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि सकाळच्या कचरागाडीत इ-कचऱ्याचा जो वेगळा खण आहे, त्यात द्या.